मलमाची ताकद, माप आणि मुदत

आषाढात वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची रोवणी सुरू झाली की बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनी, कटंगी, लांजी भागातली माणसं दिवसभर बांधीतल्या पाण्यात वाकून परहे लावत असतात. अंगावरचे कपडे ओले, कमरेची नाडी ओली, पायाच्या बोटांत चिखल. खाजेचे रोग वाढतात ते याच दिवसांत. एकाच्या जांघेत गोल लाल चट्टा उठतो. दुसरीच्या पायाला चिखल्या होतात. वसतिगृहातून घरी आलेलं पोर रात्रभर हाताच्या बेचक्या खाजवत बसतं. जंगलात गेलेल्या चौथ्याच्या हातावर बिब्बा उततो. आजार चार, पण बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात मागणी एकच असते : "भैया, दाद-खाजवाली ट्यूब देना." अनेकदा चौघांच्या हाती सारखीच ट्यूब पडते, आणि तिच्यात स्टेरॉइड असतं.

दोन-तीन दिवसांत चौघांनाही बरं वाटतं. स्टेरॉइडचं हे सामर्थ्य आहे आणि धोकाही त्यातूनच सुरू होतो. चौघांपैकी एकाला, बिब्बा उतलेल्याला, ते मलम खरोखरच हवं होतं. बाकीच्या तिघांचा रोग मलमाखाली लपला आणि वाढत राहिला.

त्वचेवर लावायचं स्टेरॉइड हे गेल्या शतकातल्या फार मोलाच्या औषधांपैकी एक आहे. ते लावण्याआधी चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : रोग कोणता, मलमाची ताकद किती, एका वेळी किती लावायचं आणि किती दिवस लावायचं. या प्रकरणात त्या चारही गोष्टी क्रमाने पाहू.

हे औषध काय करतं

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसोल हे संप्रेरक पाझरतं आणि शरीरातला दाह आटोक्यात ठेवतं. एडवर्ड केंडल आणि टाडेउस राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी या ग्रंथींतली द्रव्यं वेगळी केली. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णांना त्यांपैकी कॉर्टिसोन टोचून दिलं, आणि काही दिवसांतच हे रुग्ण हिंडू-फिरू लागले. 1950 चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं.

त्वचारोगतज्ज्ञांनी कॉर्टिसोन चोळून पाहिलं, तेव्हा मात्र फारसा गुण आला नाही. 1952 मध्ये मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी त्याचंच भावंड असलेलं हायड्रोकॉर्टिसोन इसबावर लावलं आणि त्वचा शांत झाली. तोवर इसबाला डांबराची मलमं आणि ओल्या पट्ट्या एवढाच आधार होता.

स्टेरॉइड पेशीत शिरतं, तिच्या केंद्रकापर्यंत जातं आणि दाह पेटवणारी रसायनं तयार करण्याचा आदेश तिथेच थांबवतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते. पांढऱ्या पेशींची धाव मंदावते, खाज थांबते. त्वचेच्या पेशींची वाढही हळू होते, म्हणून सोरायसिसचे जाड पापुद्रे पातळ पडतात. पण वाढ रोखणारं हे औषध निरोगी त्वचेचीही वाढ रोखतं. तिला घट्टपणा देणारं कोलॅजन कमी बनतं. महिनोनमहिने लावलं तर त्वचा कागदासारखी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, जांघेत आणि काखेत ताणाच्या लालसर रेघा उमटतात. या रेघा पुढे फिकट होतात, पण जन्मभर पुसल्या जात नाहीत. गुण आणि अपाय दोन्ही एकाच क्रियेतून येतात. ती किती काळ चालू द्यायची, हे आपल्या हातात असतं.

जिथे हे मलम खरा उपाय आहे

दाह हाच जिथे रोग असतो, तिथे स्टेरॉइड लावावं. इसब हे त्याचं नेमकं उदाहरण. लहान मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत येणारं कोरडं, खाजरं इसब, साबण-सिमेंट हाताळून हातांवर आलेलं इसब, सोरायसिसचे काही प्रकार या सगळ्यांत शरीराची संरक्षणयंत्रणा विनाकारण पेटलेली असते. तिला शांत करणं हाच उपचार.

बिब्ब्याचंही तसंच. बालाघाटच्या जंगलात भिलाव्याची, म्हणजेच बिब्ब्याची, झाडं आहेत. मुरगळलेल्या सांध्यावर किंवा जुन्या दुखण्यावर बिब्ब्याचं तेल लावायची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. त्या तेलातल्या द्रव्याने अनेकांची त्वचा भाजल्यासारखी फोडांनी भरून येते. अशा वेळी तेल ताबडतोब भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवावं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस स्टेरॉइड लावावं. फोड चेहऱ्यावर किंवा अंगभर असतील, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

गाजरगवताची गोष्ट महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे परदेशी तण पुढे देशभर पसरलं. त्याचे सूक्ष्म कण हवेतून उडून चेहरा, मान, गळ्याखालचा उघडा भाग आणि कोपराच्या घड्या यांवर बसतात आणि कडक इसब उठतं. ते स्टेरॉइडने निवतं, पण बांधावरचं गवत तसंच राहिलं तर पुन्हा पुन्हा उठतं. कारण दूर करणं आणि दाह शांत करणं ही दोन्ही कामं बरोबरीने करावी लागतात.

जिथे ते रोग लपवतं

गजकर्ण, ज्याला नायटा किंवा दादही म्हणतात, ही बुरशी आहे. ती त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते. तिच्या कडेला दिसणारी लाल, खवल्यांची, खाजरी रिंग म्हणजे शरीराने तिच्याविरुद्ध चालवलेली लढाई. स्टेरॉइड ही लढाई थांबवतं. लाली जाते, खाज जाते, माणूस निश्चिंत होतो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मलम थांबवताच चट्टा दुपटीने उसळतो, मग पुन्हा तेच मलम. काही महिन्यांनी रिंगेचा आकारच हरवतो आणि डॉक्टरांनाही रोग चटकन ओळखता येत नाही. 1968 मध्ये आइव्ह आणि मार्क्स या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाचं पहिलं सविस्तर वर्णन केलं.

आज भारतात हा प्रश्न फार मोठा झाला आहे. गेल्या दशकभरात चिवट, अंगभर पसरणाऱ्या, घरातल्या सर्वांना ग्रासणाऱ्या गजकर्णाची साथच देशात चालू आहे. त्यामागच्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्या अनेक वाणांवर पुरेसं चालत नाही. साथीच्या कारणांत त्वचारोगतज्ज्ञ मिश्र मलमांचं नाव ठळकपणे घेतात. एकाच ट्यूबमध्ये अतितीव्र स्टेरॉइड, एक-दोन प्रतिजैविकं आणि बुरशीनाशक, असा हा मेळ असतो. त्यात बुरशीनाशक आहे म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. स्टेरॉइडमुळे आराम लवकर वाटतो, माणूस मलम अर्धवट सोडतो आणि बुरशी उरतेच.

गजकर्णाची खात्री करणं अवघड नाही. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशीचे तंतू दिसतात. स्टेरॉइड लावून झालं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

चिखल्यांनाही स्टेरॉइड चालत नाही. सतत ओलं राहून फाटलेल्या त्या त्वचेत बुरशी आणि जिवाणू दोन्ही शिरतात. पाय कोरडे करणं, बोटांच्या बेचक्या पुसणं आणि गरज पडली तर बुरशीनाशक, हाच मार्ग.

खरजेची खूण म्हणजे रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या एकाहून अधिक जणांना झालेला त्रास. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवतीची जागा, काख, गुप्तांग इथे बारीक पुरळ येतं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत, जिथे अंथरूण-पांघरूण एकमेकांचं वापरलं जातं, तिथे ती झपाट्याने पसरते. ती एका किड्यामुळे होते. त्याला परमेथ्रिन 5 टक्के लागतं : रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सर्वांगाला, घरातल्या सर्वांना एकाच दिवशी, आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात. स्टेरॉइडने खाज दबते आणि किडे वाढत राहतात.

आणखी एक खूण सर्वांत महत्त्वाची. फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही आणि जो खाजत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर कुठलंही मलम चोळू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते आणि बहुऔषधी उपचार सरकारकडून मोफत मिळतो. वेळेत घेतला तर रोग पूर्ण बरा होतो आणि हातापायांची विकृती टळते. चट्टा मलमाने झाकण्यात गेलेले महिने नसांचं नुकसान करतात, आणि ते भरून येत नाही.

गोरेपणाचा सापळा

1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी स्टेरॉइडची ताकद मोजण्याची एक सोपी रीत बसवली. औषध त्वचेवर लावायचं आणि रक्तवाहिन्या आकसून ती जागा किती पांढुरकी पडते ते पाहायचं. जितकी जास्त पांढुरकी, तितकं औषध तीव्र. प्रयोगशाळेत मापाला वापरलेला हा पांढुरकेपणा आपल्या समाजात सौंदर्य म्हणून विकला जातो. चेहऱ्याला स्टेरॉइड लावलं की आठवड्याभरात रंग उजळल्यासारखा, मुरूम बसल्यासारखे दिसतात. लग्न ठरायच्या वयातल्या मुलीला मैत्रिणीकडून ट्यूब मिळते, वांग आलेल्या बाईला शेजारीण देते.

वांगावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण क्लिगमन यांनी 1975 मध्ये सुचवलं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांसाठीचं औषध आहे. आपल्याकडे तशाच मिश्रणांचा वापर रोजच्या फेस क्रीमसारखा होतो.

याची किंमत आकड्यांतही दिसते. देशातल्या 12 केंद्रांत झालेला आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांचा होता. त्यांतले 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते आणि त्यांपैकी 392 जणांना दुष्परिणाम झालेले होते. निम्म्याहून अधिक जणांना ते मलम सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. हे केवळ महानगरांचं दुखणं आहे असंही नाही. छत्तीसगडमधल्या बस्तर भागातल्या रुग्णालयाचा अभ्यास 2014 मध्ये आला. त्वचा विभागात आलेल्या 6723 नव्या रुग्णांत 379 जण स्टेरॉइडच्या गैरवापराने त्रासलेले होते, त्यांत 271 स्त्रिया होत्या. बस्तर काय, बालाघाट काय, जंगलपट्टीच्या गावांपर्यंत ही ट्यूब पोचली आहे.

अशा चेहऱ्यावर बारीक पुरळ उठतं, गालांवर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, ओठावर आणि हनुवटीवर केस वाढतात, उन्हात गेलं की आग होते. मलम थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून ते थांबवताही येत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असं वेगळं नाव दिलं, इतकी ती सर्रास आढळते.

ताकद कशी ओळखायची

ट्यूबवरच्या टक्क्यांवरून ताकद कळत नाही. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का सौम्य आहे, तर क्लोबेटासोल फक्त 0.05 टक्के असूनही त्याच्या शेकडो पटींनी तीव्र. म्हणून औषधाचं नाव वाचावं. हायड्रोकॉर्टिसोन आणि डेसोनाइड सौम्य गटात येतात. मोमेटासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट हे मध्यम ते तीव्र. क्लोबेटासोल आणि हॅलोबेटासोल अतितीव्र.

ढोबळ ओळख अशी : नावाच्या शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'नाइड' असेल, तर बहुधा ते स्टेरॉइड असतं. 'कोनाझोल' किंवा 'ट्रिमाझोल' असा शेवट बुरशीनाशकाचा. दोन्ही नावं एकाच ट्यूबवर दिसली, तर ते मिश्र मलम आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

जागा बदलली की औषधाचा असरही बदलतो. 1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूशी तुलना करता कपाळातून 6 पट, जबड्याच्या कडेवरून 13 पट, तर वृषणाच्या त्वचेतून तब्बल 42 पट औषध आत गेलं. तळपायातून मात्र सातवा हिस्साच. म्हणून तळपायाच्या जाड इसबाला दिलेली ट्यूब चेहऱ्याला, पापण्यांना किंवा जांघेत लावणं घातक. पापण्यांवर दीर्घकाळ लावलेल्या स्टेरॉइडने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

बाळांची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंग मोठं. डायपर किंवा प्लॅस्टिकची चड्डी मलम कोंडून ठेवते आणि ते अधिक शोषलं जातं. लंगोटाच्या जागेवर आठवडेच्या आठवडे अतितीव्र मलम लावल्याने बाळांचा चेहरा फुगल्याच्या, वाढ खुंटल्याच्या आणि अधिवृक्क ग्रंथी थंडावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बाळाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड लावूच नये.

किती लावायचं

'थोडंसं लावा' या सल्ल्याने कुणाचंच भलं होत नाही, कारण कुणाचं थोडंसं हरभऱ्याएवढं आणि कुणाचं चमचाभर असतं. 1991 मध्ये लाँग आणि फिनले यांनी यासाठी बोटाचं माप सुचवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सांध्याच्या रेषेपासून टोकापर्यंत मलमाची एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. प्रौढ माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून अडीच पेरं, एका हाताच्या पंजाला एक, एका पूर्ण बाहूला तीन, एका पायाला सहा, पावलाला दोन, छाती-पोटाला सात आणि पाठीला सात. मुलांसाठीही पेर मोठ्यांचंच घ्यायचं, संख्या मात्र कमी : वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या एका हाताला दीड पेर.

हिशेब करून पाहा. तळहाताएवढ्या चट्ट्याला पाव ग्रॅम पुरतं. दिवसातून एकदा, दोन आठवडे, म्हणजे साडेतीन ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब त्याच एका चट्ट्यासाठी आठवड्यात संपली, तर जास्त लागतं आहे. उलट, दोन्ही पायांभर इसब असताना तीच ट्यूब महिनाभर पुरली, तर औषध पोचतच नाही.

बहुतेक स्टेरॉइड मलमं दिवसातून एकदा, फार तर दोनदा लावायची असतात. रोगट जागेपुरतं, पातळ लावावं. कोरड्या, जाड त्वचेला तेलकट मलम चांगलं, पाझरणाऱ्या जागेला क्रीम, डोक्याला लोशन. इसबाच्या माणसाने आंघोळीनंतर ओलसर अंगाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन रोज लावावं. स्टेरॉइड आणि तेल यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवावं. त्वचा मऊ राहिली की स्टेरॉइडची गरजच कमी होते.

किती दिवस

धानाला पाणी हवंच, पण पीक पिकत आलं की शेतकरी बांध फोडून बांधी कोरडी करतो. स्टेरॉइडलाही अशीच वेळेवर रजा द्यावी लागते. चेहरा आणि घड्यांच्या जागी सौम्य मलम साधारण पाच ते सात दिवस, अंगावर मध्यम मलम एक ते दोन आठवडे. क्लोबेटासोलसारखं अतितीव्र मलम सलग दोन आठवड्यांहून जास्त नाही, आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर कधीच नाही. एवढ्यात गुण आला नाही, तर मलम वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासून घ्यावं. वारंवार उलटणाऱ्या इसबात डॉक्टर कधी कधी बऱ्या झालेल्या जागेवर आठवड्यातून दोनच दिवस मलम लावायला सांगतात. त्यानेही इसब दूर राहतं.

स्टेरॉइडच्या नावाने घाबरून ते अजिबात न लावणारेही बरेच आहेत. इसबाने रात्रभर झोप न लागणारं मूल, खाजवून रक्ताळलेली त्वचा, त्यातून शिरलेले जिवाणू हे न लावण्याचे परिणाम आहेत. योग्य ताकदीचं मलम, पुरेसं आणि ठरलेल्या दिवसांपुरतं लावलं, तर त्वचा पातळ होण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

आणि जे महिनोनमहिने लावत आले आहेत, त्यांनी आपल्या मनाने एका दिवसात बंद करून चेहरा पेटल्यावर पुन्हा तीच ट्यूब उचलू नये. त्वचारोगतज्ज्ञ सौम्य औषधावर उतरवत नेतात, गरज पडली तर स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस देतात. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. बहुतेकांची त्वचा हळूहळू सावरते.

कायदाही आता रुग्णाच्या बाजूने आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने 2018 मध्ये 14 स्टेरॉइडांच्या त्वचेवर लावायच्या औषधांना चिठ्ठीच्या अटीतून दिलेली सूट काढून घेतली. अनुसूची एचमधली ही औषधं नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. दुकानदाराला दोष देऊन मात्र हा प्रश्न सुटत नाही, कारण ट्यूब घरातून घरात, मावशीकडून भाचीकडे, एका शेतमजुराकडून दुसऱ्याकडे जाते. जांघेतला चट्टा डॉक्टरला दाखवायची लाज वाटते, दवाखान्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ट्यूब स्वस्त असते. पण चिवट झालेल्या गजकर्णासाठी पुढे महिनोनमहिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्यांचा खर्च त्या बुडालेल्या मजुरीच्या कितीतरी पट होतो.

म्हणून दवाखान्यातून उठण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं : मला झालंय काय, या मलमात स्टेरॉइड आहे का आणि किती तीव्र, एका वेळी किती पेरं लावू, आणि कोणत्या तारखेला थांबवू? ती तारीख ट्यूबच्या खोक्यावर लिहून ठेवावी. तारीख उलटली की उरलेली ट्यूब टाकून द्यावी. शेजारणीने मागितली, तर तिला ट्यूब देऊ नये. तिच्यासोबत दवाखान्यात जावं.